काचेच्या आतल्या बाजूने

पेंटरकाकांनी काढलेली अक्षरे शहरातल्या बहुतेकांनी वाचली होती. ती काढताना मात्र त्यांना कोणीही पाहिले नव्हते. याचे कारण त्यांचा संकोच नव्हे, त्यांच्या कामाची रीत. दुकानाच्या काचेवरचा रंग पावसाने धुपू नये, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नखाने खरवडला जाऊ नये, म्हणून अक्षर काचेच्या आतल्या बाजूने काढावे लागते. उभे राहायचे आत, लिहायचे बाहेरच्यासाठी. ओळ उजवीकडून डावीकडे चालवायची, प्रत्येक वळण विरुद्ध दिशेने घ्यायचे. आणि अक्षराच्या अंगावर अखेरची म्हणून जी झळाळीची रेघ शोभते, ती सर्वांआधी ओढून मग तिच्या मागे रंग व रंगाच्या मागे छाया, अशी सारी सृष्टी शेवटाकडून आरंभाकडे रचीत न्यायची. इतर कारागीर आधी बाहेरून खडूने सुलटी अक्षरे आखीत आणि आत जाऊन ती गिरवीत. पेंटरकाकांनी चव्वेचाळीस वर्षांत खडू हातात धरला नाही. डोळे क्षणभर मिटावेत, अक्षर मनातल्या मनात पाठमोरे उभे करावे, श्वास रोखावा आणि कुंचला टेकवावा, हा त्यांचा क्रम. आणि हे सर्व सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी, दार आतून लावून. कारण गिऱ्हाइकाच्या एका धक्क्याने तासाभराची तपश्चर्या फुकट जाते.

दीर्घकाळ केलेला व्यवसाय माणसाच्या स्वभावात उतरल्यावाचून राहत नाही. पेंटरकाका कोणतीही हकीकत शेवटापासून सांगत. "म्हणून मी पायीच परत आलो," असे म्हणून ते सुरुवात करीत, आणि ते गेले कुठे होते हे ऐकणाऱ्याला पाऊण तासाने कळे. त्यांच्या पत्नीच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी लग्नाची मागणी घातली तीही याच पद्धतीने. "समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'मग ठरलं तर.' मी म्हटलं, काय ठरलं? तर म्हणे, 'तेच सांगायला आलोय.'"

असा हा शांत, समाधानी मनुष्य. त्यांच्या समाधानात एकच काटा होता, आणि तो म्हणजे त्यांची थोरली बहीण.

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. आयुष्यभर शाळेत शिकवून, मुख्याध्यापिका होऊन त्या निवृत्त झाल्या होत्या. आज पन्नाशी उलटलेले त्यांचे विद्यार्थीही त्या रस्त्यात दिसल्या की खिशातून हात बाहेर काढीत. त्यांचा पहिला विद्यार्थी म्हणजे हा धाकटा भाऊ. आणि त्यांच्याच मते, एकमेव अपयशही. सहा वर्षांचा छोट्या डाव्या हाताने लिही, आणि लिही ते आरशात दिसावे तसे. ताईंनी त्याला डावा हात मांडीखाली घेऊन बसायला लावले. तीन महिन्यांत पेन्सिल उजव्या हातात आली. अक्षरे मात्र होती तशीच पाठमोरी राहिली. तेव्हा ताईंनी त्याला शिक्षा दिली: 'मी अक्षरे सुलटी काढीन' हे वाक्य शंभर वेळा लिही. छोट्याने जीभ दातांत धरून, एकही ओळ न गाळता, शंभर वेळा लिहिले. शंभरही ओळी उलट्या. ताईंनी ते कागद आरशासमोर धरून वाचले, शांतपणे त्यांचे चार तुकडे केले आणि निर्णय दिला, "यातलं एकही धरणार नाही. शंभर बाकी."

ती बाकी साठ वर्षे तशीच होती.

पुढे शाळेत दोनदा गटांगळ्या खाऊन छोट्या एका रंगाऱ्याच्या हाताखाली गेला. ईश्वराने दिलेला जो दोष शाळेत त्याला नडला, तोच इथे त्याची विद्या ठरला. परंतु ताईंच्या लेखी घटनेचा अर्थ अगदी वेगळा होता. रस्त्याने जाताना त्यांना काचेवर सुलटी, ठसठशीत अक्षरे दिसत, आणि त्या अभिमानाने म्हणत, "मी हात धरून सुलटं लिहायला शिकवलं, म्हणून आज चार घास खातोय."

"ताई, मी उलटंच लिहितो अजून. आतून," असे पेंटरकाका दर दोन-तीन वर्षांनी सांगून पाहत.

"उलटं लिहून कुणाचं पोट भरलंय का रे? माझ्या देखत तरी थापा मारू नकोस. मला डोळे आहेत."

"पण तू बाहेरून बघतेस."

"मग काय दुकानात शिरून बघू? काही विकत घ्यायचं नसताना?"

इथे वाद संपे. आता तर ताई येत्या महिन्याअखेर मुलाकडे, दूरच्या शहरी, कायमच्या राहायला निघाल्या होत्या. सामान बांधून झाले होते. इकडे दुकानदार छापील चिकटपट्ट्या लावू लागल्याने पेंटरकाकांनाही चार महिन्यांत कुंचला धरायचा प्रसंग आला नव्हता. ताई जाण्यापूर्वी त्यांनी एकदा, फक्त एकदा, आपल्याला काचेच्या आतून लिहिताना पाहावे, एवढीच या गृहस्थाची इच्छा उरली होती. आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या, गुडघे धरलेल्या मुख्याध्यापिकेला भल्या सकाळी एखाद्या बंद दुकानात उभे करणे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

अशा वेळी त्यांच्या दारात सातवीतली तीन मुले येऊन उभी राहिली.

शाळेने 'आपल्या परिसरातील कलावंत' या विषयावर तीन मिनिटांचे व्हिडिओ करायला सांगितले होते. तिघांत एक मुलगी दिग्दर्शिका होती; तिच्या हातात वही होती आणि वहीत सूचना होत्या. फोन सांभाळणाऱ्या मुलाला सगळे बॅटरी म्हणत, कारण दर पाच मिनिटांनी त्याच्या तोंडून फोनमध्ये उरलेल्या शक्तीची घोषणा होई. तिसरीचे नाव कात्री. ती चित्रीकरणाला जात नसे. शाळेच्या संगणकासमोर बसून जमलेल्या चित्रांची काटछाट आणि जुळणी करी.

"आमची निवड कशी केलीत?" पेंटरकाकांनी गहिवरून विचारले.

"गायिका 'अ' तुकडीने घेतली," दिग्दर्शिका वहीत पाहून म्हणाली. "शिल्पकार 'क' ने. नाटकवाले भांडून दोघांनी घेतले. तुम्हीच उरला होतात."

"सदुसष्ट टक्के," बॅटरी म्हणाला.

मुलाखत घरातच सुरू झाली. पत्नीने चहा ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून ती गंमत पाहू लागली.

"आजोबा, तुम्ही या कलेकडे कसे वळलात?"

"म्हणून मी आजही खडू वापरत नाही," आजोबांनी प्रसन्नपणे उत्तर दिले.

"कट. आजोबा, सुरुवातीपासून सांगा ना."

"ती शेवटी येते."

"त्यांचं असंच असतं ग," पत्नी म्हणाली. "शेवटचा प्रश्न आधी विचार, म्हणजे तुला हवं ते उत्तर पहिल्यांदा मिळेल."

दिग्दर्शिकेने तसे करून पाहिले. 'नव्या पिढीला काय संदेश द्याल?' या प्रश्नावर काकांनी आपल्या जन्माची हकीकत सांगितली. तेव्हा मुलाखतीचा नाद सोडून प्रत्यक्ष कामच चित्रित करावे, असे तिने ठरवले.

योगही तसा जुळून आला. चष्म्याच्या एका जुन्या दुकानाचे दार नुकतेच बदलले होते आणि त्या दुकानदाराला चिकटपट्टी पसंत नव्हती. "माझ्या दुकानाचं नाव सोलून निघतं की काय असं वाटतं," असे म्हणून त्याने पेंटरकाकांनाच बोलावले. ठरलेल्या सकाळी दिग्दर्शिका आणि बॅटरी दुकानात शिरले. दुकान लहान, पण स्वच्छ. दाराशेजारच्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा, दृष्टी तपासायचा तक्ता. समोर काचेच्या फळ्यांवर नुसत्याच चौकटी, जणू शेकडो माणसे आपापले डोळे घरी ठेवून आली होती. पेंटरकाकांनी काच ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने. उजव्या मनगटाखाली टेकणकाठी घेतली. डोळे मिटले.

आणि पुढचा दीड तास दिग्दर्शिकेने वही उघडली नाही. बॅटरीसुद्धा टक्के सांगायला विसरला. कुंचला उजव्या टोकापासून निघाला. आधी नुसत्या पांढऱ्या, अर्थहीन रेघा उमटल्या, मग त्यांच्या पाठीशी निळा रंग येऊन उभा राहिला, मग छाया. आतून पाहणाऱ्याला ती अक्षरे म्हणजे पाठ फिरवून उभी राहिलेली माणसे वाटत होती. ओळखीची, पण चेहरा न दिसणारी. शेवटची रेघ संपली तेव्हा दुकानदार, जो रोज लोकांना 'आता नीट दिसतंय का?' असे विचारी, स्वतःचाच चष्मा काढून पुसू लागला.

"आता बाहेरून घेऊ या," दिग्दर्शिका भानावर येऊन कुजबुजली. "म्हणजे सुलटं दिसेल."

"शून्य," बॅटरी म्हणाला. आणि फोनने मान टाकली.

"राहू दे," पेंटरकाका हात पुसत म्हणाले. "बाहेरचं काय, सगळ्या गावाने पाहिलंय. आतलं कुणी पाहिलं नव्हतं."

संध्याकाळी ते तडक ताईंकडे गेले. "म्हणून तुला शुक्रवारी चार वाजता शाळेत यायचंय," त्यांनी आरंभ केला. ताईंना या पद्धतीची सवय होती. त्यांनी दहा मिनिटांत आरंभापर्यंत मजल मारली.

"सिनेमात दिसणार तू?"

"मी नाही, माझा हात. बघ तर खरी. मग बोल."

"बघीन. शाळेच्या कार्यक्रमाला मी कधी नाही म्हटलेलं नाही."

इकडे शाळेच्या संगणकासमोर कात्री कामाला बसली. ती मोठी चौकस आणि जबाबदार मुलगी. मागच्याच आठवड्यात दुसऱ्या एका गटाच्या व्हिडिओत शाळेच्या फलकावरची अक्षरे उलटी आली होती. फोनचा पुढचा कॅमेरा असा घोळ करतो, हे संगणकाच्या सरांनी संतापाने समजावले होते आणि चित्र डावे-उजवे फिरवायचे बटणही दाखवले होते. आता कात्रीने पाहिले, तर दीड तासाच्या चित्रीकरणात काचेवरचे एकही अक्षर सुलटे नाही; कडेच्या तक्त्याकडे तिचे लक्षच गेले नाही. 'या बॅटरीला एक काम धड जमत नाही,' असे ती मनाशी म्हणाली. आणि मित्राची अब्रू झाकण्याच्या अत्यंत उदात्त हेतूने, कोणाला न सांगता, तिने सबंध व्हिडिओ फिरवून टाकला. आता काचेवरचे प्रत्येक अक्षर वाचता येत होते. तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

शुक्रवारी शाळेच्या ग्रंथालयात खुर्च्या मांडल्या होत्या. ग्रंथालय आणि बाहेरची ओसरी यांच्यामध्ये भिंतीऐवजी एक भली मोठी जाड काच होती. पहिल्या रांगेत ताई बसल्या. त्यांना पाहताच संगणकाचे सर ताठ उभे राहिले. तेही त्यांचेच विद्यार्थी. ताईंच्या एका बाजूला पेंटरकाका नवा सदरा घालून बसले, दुसऱ्या बाजूला त्यांची पत्नी. मागे चष्म्याचा दुकानदार होता. गायिका, शिल्पकार आणि दोन वेळा नाटकवाले होऊन गेले. मग पडद्यावर निळा रंग दिसला. पेंटरकाकांनी श्वास रोखला.

पडद्यावर एक वृद्ध गृहस्थ काचेसमोर उभा होता आणि डावीकडून उजवीकडे, चार माणसे लिहितात तशी, सुलटी सरळ अक्षरे काढीत होता. डाव्या हाताने.

पेंटरकाकांचा रोखलेला श्वास बाहेर पडायचेच विसरला. ताई चष्मा सावरून पुढे झुकल्या. एकदा पडद्याकडे, एकदा भावाच्या हातांकडे पाहून त्या म्हणाल्या, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा असा तो आवाज होता:

"छोट्या! शेवटी डाव्यावर गेलासच!"

"अगं ताई, तो उजवा आहे."

"मला उजवा-डावा शिकवतोस? तीन महिने मांडीखाली दाबून धरला होता तो हात. साठ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की निदान तेवढं तरी सुधारलं. आणि उलटं लिहितोस म्हणून सांगत होतास, ते कुठंय? चांगलं सरळ तर लिहितोयस!"

मिळायचे ते श्रेय राहिलेच. होते नव्हते तेही गेले. पेंटरकाकांनी तोंड उघडले, पण कुठल्या टोकापासून सांगावे हे त्यांना प्रथमच कळेना.

"अगं बाई, यांच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे कसा गेला?" पत्नी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तो मी लावलाय. डावीकडे."

"आणि माझा तक्ता!" मागून दुकानदार उठून उभा राहिला. "अहो, माझा तक्ता उलटा लटकलाय! लोकांना काय वाटेल?"

सरांनी घाईने व्हिडिओ थांबवला. दिग्दर्शिकेने बॅटरीकडे पाहिले, बॅटरीने कात्रीकडे. कात्री उठून उभी राहिली. "मी सुलटं केलं," ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळंच उलटं आलं होतं. मला वाटलं, याने चुकीचा कॅमेरा लावला."

"अगं, ते उलटंच होतं!" दिग्दर्शिका कपाळावर वही मारून म्हणाली. "तेच तर होतं सगळं!"

सर म्हणाले, "मूळ चित्रण लावू या." मूळ चित्रण जागा अडवते म्हणून कालच पुसले होते. तेही कात्रीनेच, ती खरोखर जबाबदार मुलगी होती.

"ताई, ऐकलंस ना?" पेंटरकाका काकुळतीला आले. "यंत्राने फिरवलंय."

ताईंनी पदर सारखा केला. "यंत्रावर ढकलू नकोस. लहानपणी पेन्सिलीवर ढकलायचास."

पेंटरकाका उठले. पत्नीने सदरा ओढून "अहो, बसा ना, सगळे बघतायत" म्हटले, ते त्यांना ऐकू गेले नाही. फळ्याशेजारचा जाड निळा मार्कर त्यांनी उचलला, दार उघडून ते ओसरीवर गेले आणि त्या मोठ्या काचेच्या पलीकडे येऊन उभे राहिले. आतल्या सर्वांनी खुर्च्या फिरवल्या. आयुष्यात प्रथमच काचेच्या दुसऱ्या बाजूने कोणीतरी त्यांची वाट पाहत होते. टेकणकाठी नव्हती, त्यांनी डाव्या मुठीवर उजवे मनगट टेकवले. डोळे मिटले.

कात्रीने डोळे पुसून बॅटरीला कोपराने ढोसले. "घे ना! आणि मी काही फिरवणार नाही."

"शंभर," बॅटरी पुटपुटला. आज तो घरून पूर्ण भरून आला होता.

मार्कर त्यांच्या उजव्या टोकापासून निघाला, आणि आतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर डावीकडून एकेक अक्षर त्यांच्याकडे तोंड करून उभे राहू लागले. 'मी' आला. मग 'अक्षरे'. ताईंनी खुर्चीच्या हातावर भार दिला आणि त्या उठल्या. सर आधाराला धावले. त्यांना त्यांनी नजरेनेच जागेवर बसवले. काचेपाशी जाऊन त्या उभ्या राहिल्या. आता भाऊ आणि बहीण यांच्यामध्ये केवळ बोटभर काच होती. ताईंचा चेहरा त्या हाताच्या मागे मागे सरकत होता. तोच उजवा हात, मधल्या बोटावर पेन्सिलीचा तोच जुना घट्टा. 'सुलटी' झाले. 'काढीन' झाले. शेवटी पेंटरकाकांनी एका दमात सबंध ओळीवरची रेघ ओढली आणि मार्करला टोपण लावले.

मी अक्षरे सुलटी काढीन.

ताईंनी आपल्या बाजूने काचेवर बोट टेकवले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, वही तपासावी तसे, सावकाश फिरवत नेले. शेवटच्या अक्षरावर ते बराच वेळ थांबले. त्यांचे ओठ हलले. काच जाड होती. पेंटरकाकांना काही ऐकू आले नाही. ते धावतच दाराशी आले.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, या वेळी आरसा लागला नाही." ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. त्यानंतर त्यांचा आवाज नेहमीचा झाला. "एक धरलं. नव्व्याण्णव राहिली."

"ताई, अगं सहासष्ट वर्षांचा झालोय मी."

"मग हात चांगला तयार झाला असेल. महिनाअखेरीपर्यंत आहे मी इथं. रोज चार झाली तरी होतील. आणि घरच्या खिडकीवर लिही, शाळेची काच खराब करू नकोस." त्या सरांकडे वळल्या. "हे पुसायला लावू नका हं. सोमवारी मी परत येऊन बघणार आहे."

"होय बाई," सर उभे राहून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या बैठकीच्या खोलीत, बांधलेल्या सामानापैकी एक खुर्ची सोडवून खिडकीजवळ ठेवली गेली. ताई आत बसल्या. बाहेर, झाडांच्या कुंड्यांमध्ये पाय सांभाळीत, त्यांचा धाकटा भाऊ उभा राहिला. त्याने डोळे मिटले आणि दुसरी ओळ शेवटाकडून सुरू केली.